लवणीतली खाज: इसब, नायटा की खरूज?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: सात-आठ महिन्यांपासून दोन्ही कोपरांच्या लवणीत आणि गुडघ्यांच्या मागे खाज सुटते. खाजवून खाजवून तिथली कातडी काळपट आणि जाड झाली आहे. औषधाच्या दुकानातून आणलेलं मलम लावलं की आठवड्याभरात आराम पडतो, बंद केलं की पंधरा दिवसांत पुन्हा सुरू. कुणी नायटा म्हणतं, कुणी ॲलर्जी, कुणी सोरायसिस. हा जुनाट इसब असेल का, तो ओळखायचा कसा आणि रक्त तपासून कळेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

रक्ताचं आधी सांगते, कारण ते लवकर संपतं. इसब आहे की नाही हे ठरवणारी रक्ताची तपासणी नाही. अनेक जण ‘टोटल आयजीई’चा, म्हणजे ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंडांच्या रक्तातल्या प्रमाणाचा, रिपोर्ट घेऊनच येतात. ॲटोपिक डर्माटायटिस, म्हणजे अंगच्या प्रवृत्तीतून होणारा आणि वर्षानुवर्षं डोकं वर काढणारा इसब, यात हा आकडा बऱ्याचदा वाढलेला असतो. पण कितीतरी रुग्णांत तो अगदी नॉर्मल असतो, आणि दमा, जंत, नाकाची ॲलर्जी यांतही तो वाढतो. तेव्हा जास्त आला म्हणून इसब ठरत नाही आणि कमी आला म्हणून सुटका होत नाही. निदान होतं ते नीट पाहून, हात लावून आणि योग्य प्रश्न विचारून.

खरी अडचण अशी की खाज, लाली आणि खवले या तीन गोष्टी जवळपास प्रत्येक खाजऱ्या त्वचारोगात असतात. चट्ट्याचा जवळून काढलेला एकच फोटो पाठवला, तर अनुभवी डॉक्टरही फसू शकतो. फरक कळतो तो चार गोष्टींवरून: चट्टा शरीरावर नेमका कुठे आहे, किती काळ येतोय-जातोय, त्याची कड कशी आहे, आणि घरात आणखी कुणाला खाज आहे का. त्यात मलमाने खुणा पुसल्या असतील तर हे चारही धागे विस्कटतात. म्हणून पुढचं वाचायच्या आधी एक करा: ते मलम बाजूला ठेवा आणि ट्यूबवरची नावं बघा. नावाच्या शेवटी ‘-सोन’ किंवा ‘-सोल’ असलेला घटक (बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल) दिसला तर त्यात स्टेरॉइड आहे. सोबत ‘-माझोल’ किंवा ‘-कोनाझोल’ असं बुरशीविरोधी औषध आणि एखादं अँटिबायोटिक असेल तर ते तिहेरी मिश्रण आहे, आणि निदानाचा सगळ्यात जास्त घोळ हीच मिश्रणं करतात. तो कसा, ते नायट्यापाशी येईलच.

आता इसबाच्या खुणा. १९८०मध्ये हनिफिन आणि राजका या दोन त्वचारोगतज्ज्ञांनी निकषांची लांबलचक यादी मांडली होती. १९९४मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासगटाने ती छाटून सुटसुटीत केली, आणि ती रोजच्या कामात आजही वापरता येते. त्यात एक अट सक्तीची आहे: गेल्या बारा महिन्यांत त्वचेला खाज असलीच पाहिजे. खाज नसेल तर हा इसब नाही, विषय संपला. त्यासोबत पाचपैकी किमान तीन गोष्टी हव्यात. पहिली, कधीतरी घड्यांच्या जागी त्रास झालेला असणं: कोपराची लवण, गुडघ्यामागे, घोट्याची पुढची बाजू, मान किंवा डोळ्यांभोवती. दुसरी, आज तपासताना त्या जागी चट्टा दिसणं. तिसरी, गेल्या वर्षभरात एकूणच अंगाची त्वचा कोरडी असणं. चौथी, स्वतःला दमा किंवा परागकणांमुळे येणारी सर्दी-शिंका हे कधी झालेलं असणं. पाचवी, सुरुवात वयाच्या दोन वर्षांच्या आत झालेली असणं.

तुम्ही जागा सांगितल्यात, त्यामुळे पहिली जमा धरू. दुसरीही बहुधा जमेल. उरलेल्या तीनांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, आणि वयही नाही. सगळं त्यावर अडून आहे. पाचवी नसली तरी इसब नाकारता येत नाही, कारण मोठेपणी सुरू होणारा ॲटोपिक इसबही असतो. लहानपणाचं स्वतःला आठवत नसतं, म्हणून आई-वडिलांना विचारा: तान्हेपणी गाल लाल होऊन लस यायची का, झोपेत चेहरा उशीवर घासायचे का, थंडीत कातडी फुटायची का. या प्रश्नाने अर्धं निदान होतं. मात्र तुमचं वय पन्नाशीपुढचं असेल आणि आयुष्यात याआधी त्वचेची काहीच तक्रार नसेल, तर मी ‘इसब’ हा शब्द सहजी वापरणार नाही. त्या वयात नव्याने सुरू झालेल्या हट्टी खाजेमागे चालू असलेलं एखादं औषध, अंगावर फोड येण्याआधीच्या टप्प्यातला पेम्फिगॉइड (फोडांचा एक आजार) किंवा क्वचित त्वचेचा लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग) असू शकतो. तिथे कातडीचा छोटा तुकडा काढून बायोप्सी करावी लागते.

पाहायचं कसं हेही सांगते, कारण घरी लोक रात्री ट्यूबच्या उजेडात किंवा फ्लॅश मारून बघतात आणि काहीच कळत नाही. दिवसा खिडकीशी उभे राहा. कोपर पूर्ण सरळ करा आणि मोबाइलची टॉर्च लवणीच्या समोरून न धरता बाजूने, जवळजवळ कातडीला समांतर धरा. इसब जुना असेल तर त्वचेवरच्या मूळच्या बारीक रेषा खोल आणि ठळक झालेल्या दिसतील, आडव्या-उभ्या चौकटी पाडल्यासारख्या. बोट फिरवलं की जाड, चामड्यासारखं लागेल. सततच्या खाजवण्या-चोळण्याने कातडी स्वतःला जाड करते, त्याची ही खूण. आता चट्ट्याच्या कडेकडे बघा. इसबाचा चट्टा कुठे संपतो आणि चांगली त्वचा कुठे सुरू होते, हे पेनाने आखता येत नाही. तो हळूहळू विरत जातो.

सावळ्या आणि काळ्या त्वचेवर ‘लाली’ शोधत बसू नका. तिथे दाह गडद तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसतो, आणि बऱ्याचदा सपाट चट्ट्याऐवजी केसांच्या मुळांशी बारीक बारीक पुटकुळ्या असतात. डोळ्यांना फारसं काही दिसत नाही, पण तळहात फिरवला की खरखर लागते. वरून लाल न दिसल्यामुळे अशा त्वचेवरचा इसब ‘किरकोळ’ समजला जातो, आणि ही चूक डॉक्टरांकडूनही होते. दुसरं म्हणजे दाह शमल्यावर मागे राहणारा काळा किंवा पांढुरका डाग. तो जायला महिने लागतात. खाज नाही, खरखर नाही, फक्त रंग उरलाय, तर तिथला इसब सध्या शांत आहे. त्या डागावर स्टेरॉइड चोळत राहण्यात काहीच अर्थ नाही, उलट कातडी पातळ होते.

आणखी काही बारीक खुणा आहेत. खालच्या पापणीखाली एक जास्तीची घडी, भुवयांचं बाहेरचं टोक विरळ होणं, तळहातावर नेहमीपेक्षा दाट रेषा, दंडाच्या मागच्या बाजूला खिळ्यांसारखे खरबरीत दाणे, नडगीवर माशाच्या खवल्यांसारखी कोरडी त्वचा. मला यात नखं बघायला आवडतात: सारखं खाजवणाऱ्याच्या नखांना पॉलिश केल्यासारखी चकाकी असते आणि कडा झिजलेल्या असतात. पण या खुणा पुरवणी म्हणूनच घ्यायच्या. पापणीखालची घडी कितीतरी निरोगी लोकांना असते, नुसत्या तिच्यावर निदान करणं धाडसाचं.

जागा वयाप्रमाणे बदलते, हे लक्षात घेतलं नाही तर गल्लत होते. तान्ह्या बाळात इसब गालांवर, टाळूवर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला येतो, लंगोटाची जागा बहुतेक वेळा सुटते. दोन-तीन वर्षांनंतर तो लवणींमध्ये सरकतो. मोठ्यांत लवणींसोबत हात, पापण्या आणि मान हीही त्याची आवडती ठिकाणं.

खाजेचाही स्वभाव असतो. इसबाची खाज संध्याकाळी आणि अंथरुणात वाढते. घाम, लोकर, कोरडी हवा, कढत पाण्याची आंघोळ, मनावरचा ताण यांनी चेतते. खाजवलं की क्षणभर बरं वाटतं, मग दुप्पट सुटते. खाजवल्याने त्वचेचा वरचा थर फाटतो, ओलावा निसटतो, बाहेरचे चेतवणारे पदार्थ आत शिरतात, त्याने दाह वाढतो आणि पुन्हा खाज. काही लोकांत हा वरचा थर जन्मतःच कच्चा असतो. फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातले बदल आणि हा आजार यांचा संबंध २००६मध्ये दाखवला गेला. म्हणूनच तो घराण्यात चालतो, आणि म्हणूनच तो संसर्गजन्य नाही.

आता ज्यांच्याशी गल्लत होते त्यांच्याकडे वळू. पहिली खरूज, कारण ती चुकली तर सगळं घर भोगतं. रात्रीची खाज दोन्हींत असते, त्यामुळे नुसत्या त्यावर जाऊ नका. प्रश्न असा विचारायचा: घरात किंवा एकाच खोलीत झोपणाऱ्या आणखी कुणाला गेल्या दोन महिन्यांत खाज सुरू झाली का? हो असेल तर खरूज नाही असं सिद्ध होईपर्यंत खरूजच धरायची. जागा बघा: बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, कमरेचा पट्टा, बेंबीभोवती, स्तनाग्रं, पुरुषांत लिंग आणि अंडकोशावरच्या खाजऱ्या गाठी. बेचकीत काही मिलिमीटर लांबीची, राखाडी, नागमोडी रेघ दिसली तर तो किड्याने पोखरलेला बोगदा. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून ‘आम्ही कुठे गेलो नाही, कुणाला भेटलो नाही’ हे उत्तर फसवं असतं. उपचार घरातल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच दिवशी घ्यायचा असतो आणि साधारण आठवड्याने पुन्हा. एकट्यानेच औषध लावणं हे खरूज ‘परत परत’ येण्याचं नेहमीचं कारण आहे. शिवाय किडे मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे रेंगाळते. औषध लागू पडलं नाही असं समजून रोज तेच लोशन चोपडलं तर त्यानेच नवा दाह होतो.

दुसरा नायटा. हा बुरशीचा. याची कड बोलकी असते: बाहेरची किनार उंचावलेली, खवलेदार, जास्त खाजरी, आणि मध्यभाग निवळलेला. तो दर आठवड्याला बाहेर पसरतो आणि क्वचितच दोन्ही बाजूंना सारखा असतो. जांघ, कंबर, नितंब ही त्याची घरं. कोपराच्या लवणीत तो अपवादानेच येतो. पण स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं की किनार बोथट होते, खवले जातात, खाज थांबते आणि बुरशी आत निवांत वाढते. मलम थांबवलं की ती दुप्पट जागा व्यापून परतते, कधी वर्तुळात वर्तुळ काढून. ‘लावलं की जातं, सोडलं की येतं’ हे तुमचं वर्णन इसबाला लागू होतं तसंच या बिघडवलेल्या नायट्यालाही लागू होतं. म्हणून त्या एका वाक्यावरून मी काहीच ठरवणार नाही. उपाय सोपा आहे: कडेचे खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. त्याच भेटीत उत्तर मिळू शकतं. त्याआधी किमान दोन आठवडे बुरशीविरोधी मलम लावलेलं नसावं, नाहीतर असलेली बुरशीही दिसत नाही.

सोरायसिसबद्दल फार बोलत नाही. त्याची कड रेखीव, खवले जाड आणि चंदेरी, जागा कोपर-गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूला, टाळूवर, आणि नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. तुमचं वर्णन तिकडे जात नाही. अंगावर गांधी उठणं, म्हणजे पित्त, हेही वेगळं: गांध फुगीर असते, चोवीस तासांत मागमूस न ठेवता जाते आणि दुसरीकडे उठते. इसबाचा चट्टा जागा सोडत नाही.

स्पर्शाने होणारा ॲलर्जीचा इसब मात्र जरा थांबून पाहण्यासारखा आहे. त्याला वस्तूचा आकार असतो. बेंबीखाली पँटच्या बटणाएवढा चट्टा, मनगटावर पट्ट्याच्या रुंदीचा, कानाच्या पाळीत, केसांच्या कडेने कलप लावल्यावर. बटण आणि कानातल्यांमागे बहुतेकदा निकेल असतं, कलपामागे पॅराफेनिलीनडायअमीन. हा स्पर्शानंतर लगेच उठत नाही, एक-दोन दिवसांनी उठतो. त्यामुळे लोकांना कारण सापडत नाही. याची तपासणी म्हणजे पॅच टेस्ट: पाठीवर चिकटपट्ट्या ४८ तास ठेवतात, काढल्यावर एकदा आणि पुन्हा ७२ ते ९६ तासांच्या दरम्यान वाचतात. दुसरं वाचन टाळलं तर उशिरा येणारी ॲलर्जी हातून निसटते. वर्षानुवर्षं जुना असलेला इसब अचानक बिघडला, किंवा मलमाने वाढायला लागला, तर मलमातल्याच एखाद्या घटकाची ॲलर्जी झालीय का हे याच तपासणीने कळतं. रक्तातल्या आयजीईने किंवा सुईने टोचून करतात त्या टेस्टने नाही.

आणि एक प्रकार जो सतत निसटतो: खाज भरपूर, पण मूळ पुरळ कुठेच नाही, दिसतात ते फक्त ओरखडे. अशा माणसाची पाठ बघावी. जिथे स्वतःचा हात पोहोचत नाही तो मधला भाग स्वच्छ असेल, तर त्वचेवरचे सगळे वण नखांनी केलेले आहेत आणि कारण आत शोधायला हवं. खाज सहा आठवड्यांपेक्षा जास्त टिकली असेल तर रक्ताचा काउंट, लोह, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड आणि साखर तपासणं योग्य. रक्ततपासणीचं खरं काम इथे आहे.

इथपर्यंत आल्यावर तुमच्याबद्दलचा माझा कल: दोन्ही बाजूंना सारखं, लवणींमध्ये, जाड झालेली कातडी, महिनोन्महिने चढ-उतार. घरात कुणालाच खाज नसेल आणि कड विरत जाणारी असेल तर ॲटोपिक इसबाची शक्यता सगळ्यात जास्त. कड उठून दिसत असेल किंवा जांघेतही चट्टा असेल तर आधी खरवडून तपासा.

तज्ज्ञांकडे जायच्या आधीचे दोन आठवडे वाया घालवू नका. रोज रात्री सात गोष्टींची नोंद करा: आज खाज होती का, झोप मोडली का, रक्त आलं का, लस आली का, भेगा पडल्या का, खवले सुटले का, त्वचा कोरडी-खरबरीत होती का. याच सात प्रश्नांची ‘पोएम’ नावाची मोजपट्टी डॉक्टर वापरतात. आठवड्यात एकही दिवस नाही तर ०, एक-दोन दिवस १, तीन-चार दिवस २, पाच-सहा दिवस ३, रोज ४. एकूण २८ पैकी. ८ ते १६ म्हणजे मध्यम, १७ किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र. ‘खूप खाजतं’ या शब्दांपेक्षा हा आकडा उपचार ठरवायला उपयोगी पडतो. चट्टा भरात असताना दिवसाच्या उजेडात दोन फोटो काढा, एक जवळून आणि एक पूर्ण हात-पाय दिसेल असा. तपासणीच्या दिवशी त्वचा नेमकी शांत असते.

या काळात एक उपचार निर्धास्त सुरू करा, त्याने कोणतीही खूण पुसली जात नाही: साधं, बिनवासाचं, घट्ट मॉइश्चरायझर. चूक होते ती प्रमाणात. सगळं अंग कोरडं असेल तर मोठ्या माणसाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागतं. लोक महिनाभर ५० ग्रॅमची ट्यूब पुरवतात आणि गुण नाही म्हणतात. आंघोळ कोमट पाण्याची, पाच-दहा मिनिटं, साबण फक्त काखा-जांघांपुरता. टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि तीन-चार मिनिटांत अंग किंचित ओलसर असतानाच केसांच्या दिशेने लावायचं. पॅराफिन असलेलं मलम कपड्यांत-चादरीत मुरलं की ते कापड पटकन पेट घेतं, तेव्हा विस्तव आणि सिगारेटपासून लांब. स्टेरॉइड मलम डॉक्टरांनी दिलं तर माप असं: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, ती बोटांसह दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या मात्र स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नका.

या दोन आठवड्यांत चट्ट्यावर मधाच्या रंगाच्या खपल्या धरल्या आणि लस वाहू लागली तर जंतुसंसर्ग झालाय, दोन-तीन दिवसांत दाखवा. खाजेऐवजी दुखायला लागलं, एकाच मापाचे, ठसा उमटवल्यासारखे गोल खळगे किंवा फोड गठ्ठ्याने उठले आणि ताप आला, तर तो इसबावर पसरलेला हर्पिस, म्हणजे विषाणूचा संसर्ग, असू शकतो. तिथे रात्र काढायची नाही. त्याच दिवशी रुग्णालयात जायचं, आणि डोळ्यांजवळ असेल तर नेत्रतज्ज्ञांनाही लगेच दाखवायचं.